भानीचं पुस्तक

शनिवारी दुपारी वाचनालयाचा जिना चढतानाच निधीनं ठरवलं होतं, आज भांडण झालं तरी बेहत्तर, पण दर वेळसारखं काहीतरी उचलून घरी जायचं नाही. एवढे महिने ती दर शनिवारी पुस्तक नेत होती आणि दर शनिवारी ते परत आणत होती, आणि मधल्या आठवड्यात त्या पुस्तकाची घरात जी शोभा व्हायची ती तिची तिलाच ठाऊक.

हे सार्वजनिक वाचनालय मंडईच्या वरच्या मजल्यावर. खाली सुकी मासळी, वर साहित्य. बोंबलांचा वास जिन्याच्या वळणापर्यंत सोबतीला येतो, तिथून पुढं जुन्या कागदाचा सुरू होतो. आत काचेची कपाटं, आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. वर पाटी: ‘कपाटांना हात लावू नये’. म्हणजे पुस्तकं बघायची, पण मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहून बघावं तशी. हवं असेल तर काउंटरवर जाऊन नाव सांगायचं. मग मर्लिनबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठणार, कपाट उघडणार, पुस्तक काढणार, कपाट बंद करणार. मर्लिनबाई गास गावच्या. चष्म्याला साखळी, आवाज शाळेतल्या बाईंचा. वाईट नव्हत्या, पण नियम म्हणजे नियम.

‘‘नाव सांगा, ताई.’’

नाव माहीत असतं तर रडायचं कशाला होतं! पहिल्या शनिवारी निधीनं भाबडेपणानं सांगितलं होतं, ‘‘मॅडम, कुटुंबासाठी पुस्तक हवंय. घरातल्या सगळ्यांना चालेल असं.’’ मर्लिनबाईंनी मान डोलावली, तडक एका कपाटाशी गेल्या आणि जाडजूड कादंबरी आणून आपटली. ‘‘ही घ्या. कौटुंबिक.’’

‘‘कौटुंबिक नको हो. कुटुंबासाठी.’’

‘‘तेच ते.’’

कसलं तेच ते! रिक्षात बसल्या बसल्या निधीनं पहिलं पान वाचलं. संध्याकाळचा प्रकाश वर्णन करायला लेखकानं अख्खं पान घेतलं होतं, आणि त्या प्रकाशात कोणीतरी बाई ‘खिन्न’ बसली होती. पुस्तकाचं नाव ‘सांजेचे उंबरठे’. निधीनं ते पिशवीतून बाहेरही काढलं नाही. पुढच्या शनिवारी तसंच्या तसं परत.

आता कोणी म्हणेल, एका पुस्तकासाठी एवढा जीव काढायचं कारण काय? कारण घरी पडवीत एक खोकं उभं होतं. पंचावन्न इंची टीव्हीचं. निधीच्या नवऱ्यानं, भूपेशनं ते आणून भिंतीला टेकवलं होतं आणि सांगून टाकलं होतं, ‘‘या रविवारी माणूस येतोय बसवायला. तोवर बघ तुला काय जमतंय का.’’ आणि टीव्ही बसणार कुठं? जिथं सासूबाईंची खुर्ची असायची, बरोब्बर त्याच भिंतीवर.

निधीचं माहेर फुलपाड्याचं. चाळीतली एक खोली, भाऊ-बहिणी, आणि दिवसभर चालू असलेला शेजाऱ्यांचा टीव्ही. घरात पुस्तक म्हणाल तर शाळेचं, तेही वर्ष संपलं की रद्दीत. वडील कामावरून आले की जेवून आडवे, आई भांड्यांशी, पोरं ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात. एका खोलीत राहूनही सगळे एकत्र बसलेत असं निधीला कधी आठवत नाही. लग्न होऊन ती खाडीकाठच्या या गावात आली, मिठागरं आणि भातशेतीच्या मधल्या घरात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं जे पाहिलं त्यानं ती चकितच झाली. देवाजवळ दिवा लागला की सासूबाई, म्हणजे जिजाबाई, हातपाय धुऊन पडवीतल्या खुर्चीत बसत, डोळ्यांवर चष्मा चढवत आणि वाचनालयाचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचत. आणि सगळं घर ऐकायला बसे. सासरे रामू खांबाला टेकून, भूपेश जमिनीवर पाय पसरून, त्या वेळी हयात असलेली आजेसासू पलंगावर. जिजाबाई सातवी शिकलेल्या, भाजी घेऊन मंडईत बसायच्या, आणि परतताना वरून पुस्तक घेऊन यायच्या.

निधी आचोळ्याला रक्त तपासणीच्या सेंटरमध्ये काउंटरवर होती, अजून आहे. दिवसभर ‘उपाशीपोटी आलात का? पुढचे!’ करून डोकं फिरलेलं असायचं. पण संध्याकाळी पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती पायरीवर बसायची आणि सासूबाईंच्या आवाजात तिचा शीण जायचा. या घरात तिला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते हेच. पुढं क्रिशा झाली, आरुष झाला, तेही मांडीवर बसून ऐकायला लागले.

आणि सगळ्यांचं लाडकं म्हणजे भानीचं पुस्तक. ते जिजाबाई पुन्हा पुन्हा आणायच्या. भानी भातशेती करणाऱ्याची लेक. शेजारी मिठागर. मिठागराचा मुकादम भरतीच्या वेळी बांधातली उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायचं लाकडी दार, उघडी ठेवायचा. त्याला मिठासाठी समुद्राचं पाणी हवं, आणि ते फुटून शिरायचं भानीच्या बापाच्या शेतात. मग एक दिवस भानी कासोटा घालून बांधावर निघते. इथं जिजाबाईंचा आवाज चढायचा. ‘‘मुकादम बोलला, ए पोरी, उघाडीला हात लावू नको! भानी बोलली, अरे खेकड्या, तुझी नांगी तुझ्यापाशी ठेव! माझ्या बापाच्या शेतात खारं पानी शिरतंय, ते तुझ्या घशात ओतू काय?’’ आणि धाडकन फळी खाली! पोरं टाळ्या पिटायची. खेकड्या मुकादमाला भानी ज्या शिव्या घालायची त्या क्रिशाला पाठ होत्या. रामू तर हसून हसून डोळे पुसायचे.

पण त्या पुस्तकाचा शेवट कोणाला माहीत नव्हता. दर वेळी तो खेकड्या दुसऱ्या दिवशी भानीच्या दारात येऊन उभा राहायचा, आणि नेमकी पुस्तक परत करायची तारीख यायची. ‘‘आता पुढचं पुढल्या खेपेला,’’ असं म्हणून जिजाबाई पुस्तक पिशवीत टाकायच्या. पुढल्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या गेल्या, आणि मुकादम तसाच दारात राहिला.

निधीनं वाचनालयाचं नवं कार्ड स्वतःच्या नावावर काढलं. तिला वाटलं, आपण शिकलेल्या आहोत, यात काय एवढं! घोडं अडलं ते ती वाचायला बसली त्या पहिल्याच संध्याकाळी. एका यशस्वी उद्योजकाचं चरित्र तिनं आणलं होतं. भूपेश म्हणाला, ‘‘ऑफिसात दिवसभर हेच ऐकतो यार,’’ आणि दुसऱ्या पानावर घोरायला लागला. मग आणलं परदेश प्रवासाचं. रामूंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मंग तिथं जाऊन त्यानं केलं काय?’’ निधीनं पानं चाळली. त्यानं काही केलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं. ससा-कासवाचं आणलं तर चौदा वर्षांची क्रिशा म्हणाली, ‘‘मम्मी, सीरियसली?’’ भुतांचं आणलं तर आरुष आठवडाभर एकटा मोरीत जाईना.

त्यात सगळ्यांची बोलणी. ‘‘आईला बरोबर मिळायचं,’’ भूपेश म्हणायचा. ‘‘तुला कसं मिळत नाय?’’ जणू काही वाचनालयात एक गुप्त कपाट आहे आणि निधी मुद्दाम त्याच्याकडं पाठ करून उभी राहते! क्रिशा तर म्हणाली, ‘‘तू असं वाचतेस ना मम्मी, जसं कोणाचा शुगर रिपोर्ट सांगतेस.’’ हे निधीला फार लागलं, कारण ते खरं होतं. आणि रामू? ते काही बोलायचेच नाहीत. हळूहळू पडवीत बसायचेही बंद झाले. ताटावरून उठले की बांधाकडं तोंड करून अंगणात उभे राहायचे. सून वाचतेय, मुलगा मोबाइलमध्ये, नातवंडं जांभया देतायत. मग भूपेशनं खोकं आणलं.

‘‘निदान सगळे एका जागी तरी बसतील,’’ तो म्हणाला.

‘‘फुलपाड्याला पण असायचे सगळे एका खोलीत,’’ निधी म्हणाली. पण त्याला कळलं नाही, आणि तिला समजावत बसायचा कंटाळा आला.

म्हणून आजचा शनिवार शेवटचा. काउंटरवर ती गेली आणि पर्स आपटून म्हणाली, ‘‘मॅडम, मला कपाटं उघडून द्या. मी माझं मी शोधते.’’

‘‘तसं करता येत नाही.’’

‘‘का नाही? मी काय खाणार आहे का पुस्तकं?’’

‘‘कपाटांना हात लावायचा नाही. वाचक कुठलं पुस्तक कुठं खुपसतात, मग आम्ही शोधत बसतो. नाव सांगा, मी देते.’’

‘‘नाव मी तुम्हाला दहा वेळा सांगितलं. भानी! भानीचं पुस्तक!’’

मर्लिनबाईंनी मुकाट्यानं पुन्हा कॉम्प्युटरवर बडवलं. ‘‘भानी नावाचं पुस्तक नाही आपल्याकडं. दहा वेळा सांगितलंय.’’

‘‘नाही कसं? मिठागर आहे त्यात, मुकादम आहे, उघाडी आहे. माझ्या सासूबाई दर दोन-चार महिन्यांनी न्यायच्या. इथूनच न्यायच्या. खाली भाजी घेऊन बसायच्या...’’

मर्लिनबाईंनी चष्मा काढला. तो साखळीवर लोंबकळला. ‘‘जिजामावशी? तुम्ही जिजामावशींची सून? अहो, मग इतके दिवस भानी-भानी काय लावलंय! त्यांचं पुस्तक तर मला डोळे मिटून देता येईल.’’ त्या किल्ल्या घेऊन उठल्या. एवढं सोपं होतं? नुसतं सासूचं नाव सांगायचं होतं?

मर्लिनबाई आल्या आणि त्यांनी पुस्तक समोर ठेवलं. ‘सांजेचे उंबरठे’.

निधीनं ते मागं सरकवलं. ‘‘हे नाही.’’

‘‘हेच. मध्येच लाजेखातर दुसरं एखादं न्यायच्या, पण परत फिरून हेच. तुम्हाला मी पहिल्याच शनिवारी काढून दिलं होतं. तुम्ही आठवड्यात परत केलंत.’’

‘‘मॅडम, यात मिठागर नाहीये!’’

‘‘ते मला नाही माहीत, मी वाचलेलं नाही,’’ मर्लिनबाई म्हणाल्या. ‘‘मावशींशिवाय ते कोणी नेतच नाही.’’

रिक्षात निधीनं पुस्तक शेवटापासून सुरुवातीपर्यंत, सुरुवातीपासून शेवटापर्यंत चाळलं. मिठागर नाही. खाडी नाही. मुकादम तर नावाला नाही. मधल्या एका पानावर मात्र तिची नजर अडकली. त्या खिन्न बाईचं नाव भानुमती होतं. बस्स, एवढंच. भानुमती शहरातल्या मोठ्या घरात राहत होती, उसासे टाकत होती आणि नवऱ्याच्या घोड्यांच्या टापा ऐकत होती. निधीच्या डोक्यात तिडीक गेली. हे असलं कोणी पुन्हा पुन्हा वाचतं? आणि वाचलं तरी यातून उघाडी कुठून आली?

त्या संध्याकाळी तिनं कोणाला काही सांगितलं नाही. दिवा लागला, जेवणं उरकली. भूपेश खोक्यावरचा चिकटपट्टीचा कोपरा नखानं सोलत बसला होता. निधीनं सासूबाईंची खुर्ची ओढली, पहिल्यांदाच त्यात बसली, आणि जाहीर केलं, ‘‘भानीचं पुस्तक मिळालं.’’

आरुष ओरडलाच. क्रिशानं हेडफोन काढले. भूपेशनं चिकटपट्टी सोडली आणि अंगणाकडं तोंड करून हाक मारली, ‘‘बाबा! भानी मिळाली!’’ अंगणातून रामू आले. खांबापाशी आले, पण बसले नाहीत. उभ्यानंच सुनेच्या हातातल्या पुस्तकाकडं बघत राहिले.

निधीनं खाकरून वाचायला घेतलं. ‘‘सायंकाळच्या त्या म्लान प्रकाशात भानुमती खिन्न मुद्रेने गवाक्षापाशी उभी होती. अंतःकरणातील व्यथा ओठांवर न आणता तिने हलकेच गवाक्ष बंद केले.’’

टाळ्यांसाठी उचललेले आरुषचे हात खाली आले.

‘‘हे काय?’’ आरुष म्हणाला.

‘‘गवाक्ष म्हणजे खिडकी.’’

‘‘अगं, पण ही भानी नाय!’’ भूपेश वैतागला. ‘‘भानी शिव्या देते. ही कोन आनलीस रडकी?’’

‘‘हेच पुस्तक आहे. आई हेच आणायच्या. वाचनालयात विचार जाऊन!’’

‘‘काय पण! मी लहानपणापासून ऐकलंय. भानीनं उघाडी पाडली धाडकन. ही खिडकी लावते हलकेच! आईनं हे वाचलं असतं होय?’’

निधी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिचं तिलाच ऐकू आलं. गवाक्ष बंद केले. उघाडी पाडली. तिनं पान उलटलं. ‘पतिराजांची कठोर वाणी ऐकून ती निमूट राहिली.’ आणि सासूबाईंचा आवाज कानात: अरे खेकड्या! सासूबाई पाणीला ‘पानी’ म्हणायच्या, कोणला ‘कोन’. निधी फुलपाड्याची, शुद्ध बोलणारी. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की पुस्तकात ‘पाणी’ लिहिलंय आणि सासूबाई फक्त आपल्या पद्धतीनं ‘पानी’ म्हणतायत. उच्चाराचा काय तो फरक! आणि भूपेश, पोरं, त्यांना तर घरातलीच बोली, त्यांना पुस्तक असंच असतं असं वाटत होतं. या गावच्या बोलीत कोणी कधी पुस्तक छापलं होतं का, हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

म्हणजे इतके महिने! इतके शनिवार ती त्या काउंटरवर डोकं आपटत होती, घरातली बोलणी खात होती, आणि जे शोधत होती ते कुठल्या कपाटात नव्हतंच. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. सासूबाईंवरसुद्धा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण ती रागावली.

‘‘बाबा,’’ ती खुर्चीतून उठून म्हणाली, ‘‘तुम्हाला माहीत होतं ना? आई वाचत नव्हत्या.’’

भूपेश म्हणाला, ‘‘काय बोलतेस तू?’’

रामू खांबाला टेकून हळूहळू खाली बसले. गुडघे चोळले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी होतं. ‘‘वाचत व्हती कवा ती,’’ ते म्हणाले. ‘‘पानं उलटायची येवढंच. त्या पुस्तकाची अक्षरं मोठी, आनी कोनी नेत नसे, मंग लवकर परत मागत नसत.’’

‘‘आणि तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत! मी इथं मर मर मरतेय दर शनिवारी!’’

‘‘काय सांगू? तुझ्या सासूनं तुमा सगल्यांना फसवलं, असं सांगू?’’

‘‘पण मग भानी?’’ क्रिशानं विचारलं. ‘‘ती स्टोरी कोणाची?’’

रामू हसले. जिजाबाई गेल्यापासून ते असे हसलेले कोणी पाहिले नव्हते. ‘‘तिच्या बापाचं शेत मिठागराला लागून व्हतं. मी उघाडीची राखन करायचो. मी कसला मुकादम! तिनं मना बढती दिली. पन शिव्या खऱ्या. बांधावर सगल्या गावादेखत घातल्या मना.’’

भूपेशचं तोंड उघडंच राहिलं. ‘‘म्हंजे... खेकड्या?’’

‘‘मीच तो.’’

‘‘आणि दुसऱ्या दिवशी भानीच्या दारात जाऊन उभा राहिला, तो?’’ आरुष ओरडला. ‘‘मग काय झालं? पुढं काय झालं?’’

‘‘काय व्हनार! उघाडी बंद ठेवीन बोललो तिच्या बापाला. आनी मंग लगीन झालं. हा तुझा बाप बसलाय तुझ्या म्होरं.’’

पोरं आजोबांच्या अंगावर पडली. पण निधीचा राग अजून उतरला नव्हता. ‘‘एवढंच होतं तर सरळ सांगायचं ना. पुस्तकाचं सोंग कशाला? दर वेळी मंडईतून वर चढायचं, ते जाड ओझं वाहून आणायचं!’’

रामूंनी पलंगाकडं बोट दाखवलं. पलंग रिकामा होता, पण बोट कोणाकडं आहे ते निधीला कळलं. आजेसासू. ‘‘माझी आय कडक. सून रोज संध्याकाली नवऱ्याला खेकड्या बोलतेय, हे तिनं ऐकून घेतलं असतं? घराबाहेर काढली असती. पुस्तक हातात असलं मंग चाललं. पुस्तकातलं हाय, सूनबाई वाचतेय, तिचा काय दोष! आय पन हसायची. बोलायची, बरा धडा दिला त्या मुकादमाला. दिवसभर माझ्यावर जे काय साचलेलं असायचं, उघाडीचं नाव करून ते सगलं ती संध्याकाली मना ऐकवायची. त्या दिवशी मी काय केलंय ते मना बरोबर कलायचं. तुमाला नाय.’’

मग आवाज जरा खाली करून म्हणाले, ‘‘आता कोन बोलत नाय मना तसं.’’

निधी पुस्तक धरून उभी होती. तिचं लक्ष भूपेशकडं गेलं. तो डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हातानं नकळत खोक्याची चिकटपट्टी सोलत होता. उद्या माणूस येणार. ब्रॅकेट लागणार. या माणसाला आपण महिनाभर सांगतोय, टीव्ही नको, आणि महिनाभर हा ‘बघू’ म्हणतोय. इतक्या महिन्यांत तो स्वतः एकदा तरी वाचनालयाचा जिना चढला? मला का मिळत नाही म्हणून विचारायला मात्र पुढं!

निधी खुर्चीत बसली. चष्मा तिला नव्हता, म्हणून पदर नीट केला. पुस्तक मधूनच कुठूनतरी उघडलं.

‘‘भानुमती,’’ ती वाचायला लागली, ‘‘फुलपाड्याची. लग्न होऊन खाडीवर आली. नवरा तसा बरा होता, पण डोक्यात भुसा. एक दिवस त्यानं न विचारता घरात एक भलं मोठं खोकं आणलं.’’

क्रिशानं झटकन वर बघितलं.

‘‘भानुमती म्हणाली, हे काय रे ढोल्या? तो म्हणाला, यात सगळे एका जागी बसतील. भानुमती म्हणाली, अरे, सगळे एका जागी बसलेलेच होते, तूच पाय पसरून मोबाइलमध्ये शिरलास! मी दिवसभर लोकांचं रक्त मोजून येते, सुट्टीच्या दुपारी बोंबलांच्या वासातून जिना चढते, कुलपं बघते, बोलणी खाते, कोणासाठी? माझ्या मामासाठी?’’

‘‘ए, थांब थांब,’’ भूपेश म्हणाला. ‘‘हे पुस्तकात हाय?’’

निधीनं पान उलटलं. रामू सरसावून बसले होते, खांब सोडून पुढं, आणि त्यांचे डोळे चमकत होते.

‘‘आहे. इथं छापलंय.’’

‘‘दाखव बरं!’’ तो हात पुढं करून उठला.

निधीनं पुस्तक छातीशी धरलं.

‘‘हात लावायचा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘खाली बसायचं आणि ऐकायचं.’’

भूपेशनं बापाकडं बघितलं. बाप हसत होता. मग त्यानं बसायला जागा बघितली, आणि खोकं मध्ये येत होतं, म्हणून ते उचलून बाहेर अंगणात ठेवून आला.

‘‘मंग?’’ रामूंनी सुनेला विचारलं. ‘‘मंग ढोल्या काय बोलला?’’